माफ केलेले गणित

एखाद्यावर दया करताना आपण त्याच्याकडून काही काढून तर घेत नाही ना, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सद्गुणांमध्ये दयेचे स्थान इतके वरचे की तिची झडती घेणे हेच पाप वाटावे. तरीही या लेखात आम्ही ती घेणार आहोत, आणि तीही गणितासारख्या रूक्ष मानल्या गेलेल्या विषयाच्या निमित्ताने. दृष्टिहीन मुलाला गणित आणि भौतिकशास्त्र ‘माफ’ करणे हे पुण्य आहे की अन्याय, असा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या राज्याच्या शालान्त परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत मिळत आली आहे. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी जो कायदा केला, त्याच्या नावातच ‘समान संधी’ हे शब्द होते. परंतु त्याच कायद्याच्या शिक्षणविषयक प्रकरणात अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी निव्वळ गणिती प्रश्न परीक्षेतून वगळावेत, अशी तरतूद होती. नावात समान संधी आणि पोटात वगळणूक! कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? पोरांचे हाल होऊ नयेत, हीच त्यांची इच्छा असणार. २०१६ साली नवा कायदा आला तेव्हा मात्र ही तरतूद राहिली नाही. परीक्षेतील बदलांची उदाहरणे देताना त्यात वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे, गणिताचा नाही. एकवीस वर्षांत कायद्याला जी समज आली, ती आपल्या घरांत आणि शाळांत आली आहे का?

सवलतीची किंमत कोण मोजतो, हे पाहिले म्हणजे तिचे खरे स्वरूप उमगते. शाळेची ब्रेलमधील भूमितीचे पुस्तक मिळवण्याची खटपट वाचते. शिक्षकाची नवी पद्धत शिकण्याची मेहनत वाचते. आईबापांची चिंता हलकी होते. आणि मुलाचे काय होते? पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याच्यासमोर विज्ञानशाखेचे दार बंद होते, आणि ते बंद झाल्याचा आवाजदेखील येत नाही. ज्या दयेत देणाऱ्याचे काहीच खर्च होत नाही आणि घेणाऱ्याचे भवितव्य खर्ची पडते, तिला दया म्हणावे का?

आम्ही बुवापाड्यात राहणारी माणसे. अंबरनाथहून लोकल पकडली की पुढचे स्टेशन उल्हासनगर. त्याच उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे नाव आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, पुढे मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात पोहोचल्या. २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या; रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांची निवड झाली, परंतु दृष्टी नसल्याचे कारण देऊन ती नेमणूक नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि भारतीय प्रशासकीय सेवेत प्रवेश केला. दृष्टिहीन व्यक्ती जिल्ह्याचा कारभार सांभाळू शकते हे मान्य झाले. हिशेब सांभाळू शकते हे मात्र मान्य होईना. आकडे डोळ्यांनीच हाताळायचे असतात, ही समजूत किती खोलवर रुजली आहे याचा याहून बोलका दाखला दुसरा कोणता? प्रांजलताई कलाशाखेच्या वाटेने गेल्या आणि त्या वाटेचे त्यांनी सोने केले. पण कलाशाखा निवडणे वेगळे आणि दुसरे काही निवडताच न येणे वेगळे.

ही समजूत इतिहासाला मान्य नाही. निकोलस सॉन्डरसन एक वर्षाचा असताना देवीच्या साथीत त्याचे डोळे गेले. १७११ साली तो केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला, ज्या आसनावर पूर्वी न्यूटन बसला होता त्याच आसनावर. प्रकाशाच्या शास्त्रावर तो व्याख्याने देत असे आणि डोळस विद्यार्थी ती ऐकत असत. थोर गणिती ऑयलर १७६६ नंतर जवळजवळ पूर्ण अंध झाला, तरी त्याच्या लेखनाचा ओघ आटला नाही. अलीकडच्या काळात अमेरिकेतील अब्राहम नेमेथ जन्मांध होता. गणित अंधांना जमायचे नाही, असा सल्ला मिळाल्यामुळे तो आधी मानसशास्त्र शिकला. पण मन गणितातच. अखेर तो गणिताकडे वळला आणि डेट्रॉइटच्या येशूसंघीय विद्यापीठात त्याने तीस वर्षे गणित शिकवले. तो ज्यू होता, संस्था कॅथॉलिक होती; कोणाचेच काही अडले नाही.

मग खरी अडचण कोठे आहे? ती कागदावर आहे. भाषा एका ओळीत चालते. गणित कागदावर वर, खाली, तिरपे पसरते. डोळस माणूस क्षणात पाहतो की कोणती संख्या रेघेच्या वर आहे आणि कोणती खाली. ऐकणाऱ्याला ते कसे कळावे? ‘एक भागिले क्ष अधिक दोन’ एवढेच वाचून दाखवले तर त्याचे दोन अर्थ होतात. क्ष म्हणजे दोन धरले, तर एका अर्थाने उत्तर एक चतुर्थांश येते आणि दुसऱ्या अर्थाने अडीच. मुलाचे गणित चुकले असे आपण म्हणतो. चुकलेले असते आपले वाचन. ‘अपूर्णांक सुरू, वर एक, खाली क्ष अधिक दोन, अपूर्णांक संपला’ असे वाचायला पाच सेकंद जास्त लागतात. नेमेथने नेमके हेच ब्रेलमध्ये केले. अपूर्णांक कोठे सुरू होतो, कोठे संपतो, घातांक कोठे वर चढतो, हे सांगणारी चिन्हे असलेली त्याची गणिती ब्रेलपद्धती १९५२ साली प्रसिद्ध झाली.

आपल्याकडच्या अंधशाळांत टेलर पाटी फार वर्षांपासून वापरात आहे. तिच्यात अष्टकोनी भोके असतात. त्यांत धातूचे बारीक खिळे बसवायचे. खिळ्याच्या एका टोकाला कड असते, दुसऱ्या टोकाला दोन टोचे. एकेक टोक आठ दिशांना वळवता येते, म्हणजे एकाच खिळ्याची सोळा चिन्हे झाली. दहा अंक आणि वर बेरीज-वजाबाकीसारख्या खुणा त्यात सहज मावतात. भूमितीसाठी रबराच्या तक्त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून टोकदार लेखणीने रेघ ओढली की ती उठून बोटाला लागते. लोकरीचा धागा, टाचण्या आणि पुठ्ठा यांतूनही त्रिकोण उभा राहतो. आपल्या अंबरनाथच्या शिवालयाचे दगड १०६० सालापासून उन्हापावसात उभे आहेत. त्यांच्या कडांवरून, कोनांवरून आणि वर्तुळांवरून हात फिरवणाऱ्याला भूमिती ही केवळ डोळ्यांची गोष्ट आहे, असे कोण पटवू शकेल?

भौतिकशास्त्राविषयी तर आमचे म्हणणे याहून ठाम आहे. बल, वजन, उष्णता, ध्वनी, चुंबकाची ओढ, ताणलेल्या स्प्रिंगमधून धावणारी लहर, हे सारे हाताला आणि कानाला कळते. प्रकाशाच्या प्रयोगासाठी उजेड वाढला की सूर चढवणारी साधने आहेत; बोलणारे तापमापक आहेत. शिवाय अणू आजवर कोणी नुसत्या डोळ्यांनी पाहिला आहे? गुरुत्वाकर्षण कोणाला दिसले आहे? या शास्त्राच्या गाभ्यात आपण सारेच आंधळे आहोत आणि सारेच बुद्धीच्या काठीने वाट काढतो.

साधनांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे सोबत बसणारे माणूस. रशियातील लेव्ह पोंत्र्यागिन चौदा वर्षांचा असताना स्टोव्हचा भडका उडाला आणि त्याची दृष्टी गेली. त्याची आई शिवणकाम करणारी बाई. उच्च गणिताचा तिला गंध नव्हता. तरी ती मुलासाठी गणिताची पुस्तके मोठ्याने वाचू लागली. चिन्हांची नावे माहीत नव्हती, तेव्हा ती चिन्हे जशी दिसत तशी सांगे: शेपट्या वर, शेपट्या खाली. त्या शेपट्यांवरून मुलगा विसाव्या शतकातील अग्रगण्य गणिती झाला. त्या माउलीने मुलाला गणित माफ केले नाही. तिने त्याच्यावर केलेले प्रेम अधिक कष्टाचे होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पुस्तक नाही, प्रशिक्षित शिक्षक नाही, आकृत्या नाहीत. अशा स्थितीत सवलत काढून घेतली तर पोर नापास होईल. सवलत काढून घ्या असे आम्ही म्हणतच नाही. ज्याला हवी त्याला ती मिळालीच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की दोन वाटा खुल्या असतील तेव्हाच त्याला निवड म्हणता येते. डोळस मुलगा गणिताला घाबरला तर आपण त्याला शिकवणी लावतो, रागावतो, रात्री त्याच्याजवळ बसतो. त्याला माफी देत नाही, कारण त्याला भविष्य आहे असे आपण धरून चालतो. दृष्टिहीन मुलाला मात्र आपण चटकन माफ करतो. या तत्परतेतच आपला निकाल दडलेला असतो.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय हाका मारू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प केले. प्रभूने त्याला जवळ बोलावले आणि आधी विचारले की तुला काय हवे आहे. त्याची गरज उघड दिसत होती, तरीही विचारले. दया करण्याची ही रीत आपण शिकण्यासारखी आहे.

वाट आता पूर्वीइतकी अनोळखी राहिलेली नाही. सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र काम करीत आहे. २०१० साली एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला फिजिओथेरपीच्या प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा हे केंद्र तिच्या बाजूने उभे राहिले आणि न्यायालयाने तिला परीक्षेला बसू दिले. आंध्रातील श्रीकांत बोल्ला यांना अकरावीला विज्ञान घेण्यासाठी न्यायालयातच जावे लागले. पुढे ते अमेरिकेच्या एमआयटीत शिकले आणि परत येऊन उद्योजक झाले. पण प्रत्येक मुलाने बीजगणितासाठी न्यायालयाची पायरी चढावी, ही काही समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे.

आपल्या धर्मग्रामांत शिकलेली तरुण मुले-मुली पुष्कळ आहेत. एखाद्या दृष्टिहीन मुलाजवळ आठवड्यातून दोन तास बसून अपूर्णांक नीट वाचून दाखवणे, एखादी आकृती लोकरीने उठवून देणे, एवढे त्यांना सहज जमेल. पण त्याआधी त्या मुलाला विचारावे: बाळ, तुला गणित शिकायचे आहे का? तो नको म्हणाला तर त्याचा मान राखावा. तो हो म्हणाला, तर पाटी घेऊन त्याच्याजवळ बसावे.