हातांतलें कंकण

पश्चिमेकडे बॅले म्हणून नाटकाचा एक प्रकार आहे. त्यांत एकहि शब्द उच्चारीत नाहींत. वाद्यांच्या सुरावर नाचून सगळी कथा सांगतात. केनेथ मॅकमिलन ह्यानें रचलेला ‘मॅनॉन’ नांवाचा तीन अंकी बॅले लंडन येथील रॉयल बॅले मंडळीनें १९७४ च्या मार्च महिन्यांत प्रथम केला. मूळ कथा मठ सोडून गेलेल्या प्रेव्हो नांवाच्या फ्रेंच संन्याशाची, १७३१ सालची. दारिद्र्यास भ्यालेल्या मनुष्यानें प्रीति विकली, तर दोष कोणाचा, हा प्रश्न ती आम्हांपुढें ठेविते.

मॅनॉन ही तरुण मुलगी मठांत जावयास निघाली आहे. वाटेंत सराईच्या आवारांत तिला दे ग्रिए नांवाचा विद्यार्थी भेटतो, आणि दोघें पॅरिसास पळून जातात. पैसा नाहीं, पण सुख पुष्कळ. दे ग्रिए बापाकडे पैशासाठीं पत्र लिहितो व तें टपालांत टाकावयास बाहेर पडतो. तेवढ्यांत तिचा भाऊ लेस्को एका धनाढ्य म्हाताऱ्यास घेऊन आंत येतो. अंगावर उंची झगा पडतो, दागिने पडतात, आणि ती निघून जाते. किती वेळ लागला म्हणाल? पत्र टाकून यावयास लागतो तितका!

कोणी म्हणेल, तिची प्रीति खोटी होती. आम्हांस तसें वाटत नाहीं. जॉर्जियाडिस ह्या चित्रकारानें रंगभूमीच्या मागें चिंध्या लोंबत ठेविल्या आहेत. झगमगाटामागेंहि त्या आहेतच. मॅकमिलन स्वतः गरीब घरांत वाढलेला. चिंध्यांचें भय त्यास कोणीं शिकवावयास नको होतें. तिला निर्दोष म्हणावयास आम्ही तयार नाहीं, परंतु आमचा राग भावावर अधिक आहे. दे ग्रिए परत आल्यावर हा त्यासच समजावितो कीं, तूं रुकार दे, म्हणजे आपण सगळेच श्रीमंत होऊं.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवते. कांहीं वर्षांपूर्वीं एका घरीं मुलीच्या लग्नाबद्दल आमचा सल्ला विचारला. आम्हीं पहिला प्रश्न केला तो हा, “मुलास जमीन किती?” मुलगी दाराआड उभी होती. तिला कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आम्हींहि नाहीं. दुसऱ्या अंकांत लेस्को दारूनें झिंगलेला दिसतो. आम्ही तर शुद्धीवर होतों.

दे ग्रिएहि निर्मळ राहत नाहीं. तिच्याच सांगण्यावरून तो पत्त्यांत लबाडी करितो, पकडला जातो, व दोघें पळून त्याच्या खोलीवर येतात. तिच्या हातांत अजून त्या म्हाताऱ्याचें कंकण आहे. त्यावरून दोघांचें भांडण जुंपतें. प्रीति परत आली, पण कंकण निघत नाहीं! मनुष्य दोहोंपैकीं एक निवडितो असें आम्ही उपदेशांत सांगत असतों; ही तर दोन्ही धरून ठेवूं पाहते.

मग शिपाई येतात. भाऊ मारला जातो. तिचे केंस कापून तिला गुन्हेगार बायकांबरोबर जहाजानें लुइझियाना ह्या फ्रेंच वसाहतींत पाठवितात. दे ग्रिए तिचा नवरा म्हणवून बरोबर जातो. तेथील तुरुंगाधिकारी तिची अब्रू घेतो, तेव्हां दे ग्रिए त्यास ठार मारितो, आणि दोघें दलदलींत शिरतात. ती थकून भ्रमिष्ट झालेली. तो तिला पुनःपुन्हां उचलून धरितो. त्याच्या हातांवर ती मरते. अंगावर तेव्हां चिंध्याच असतात.