पलीकडचा काठ

दोस्तांनो, अडचणीचा सवाल विचारतो. आपण देव नाकारला. पण हात जोडायची सवय गेली का? गेली नसेल तर तिचं करायचं काय?

पोथी वाचा, प्रार्थना करा, देव कळेल, असं सांगणारे पुष्कळ. आपल्या बापजाद्यांना पोथीही बंद नि पायरीही बंद. चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिला. त्याच्या तळमळीत खोट नव्हती. तरी पंढरपूरचं दार आपल्यासाठी १९४७ साली उघडलं, तेही विठोबानं नव्हे, साने गुरुजींच्या उपोषणानं. नाशकात १९३० पासून काळारामाच्या दारी आपली माणसं लढली, डोकी फोडून घेतली. देव आतून बोलला नाही.

दीघनिकायात तेविज्जसुत्त आहे. वासेट्ठ नि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भांडतात, ब्रह्म्याकडं नेणारी खरी वाट कुठल्या गुरूची? बुद्ध साधं विचारतो, तुमच्या वेद जाणणाऱ्यांपैकी कुणी त्याला डोळ्यांनी पाहिलंय? कुणीच नाही. मग ही आंधळ्यांची रांग झाली. आणि नदी दुथडी वाहत असताना अलीकडं उभं राहून पलीकडच्या काठाला हाका मारल्या, तर काठ चालत येतो काय? बाबासाहेबांनी १९५७ साली निघालेल्या आपल्या धम्मग्रंथात ब्रह्मसायुज्याची ही कल्पना अधम्मात घातली, ती उगाच नाही.

मी सूतगिरणीत रिंगवर आहे. धागा तुटला की हात जोडून भागत नाही, हात चालवावा लागतो.

माझी आई बाबासाहेबांच्या फोटोपुढं पुटपुटते, 'पोराला कायम करा.' तिला हसायचा हक्क कुणाला नाही. जन्मभर दारोदार मागितलं. न हाकलता ऐकणारा हा एकच भेटला. सवाल तिला नाही, आपल्याला आहे. आपण शिकलेले. पाली वंदना घडाघडा म्हणतो, अर्थ विचारला की गप्प. ग्रंथ कापडात गुंडाळून फळीवर. पाचवं शील म्हणून तासाभरात गुत्त्यावर, नि मग घरी बायकोवर हात. च्यायला, ही पण काठाला मारलेली हाकच. फक्त भाषा बदलली.

पंचशील नीट वाचा. त्यात मागणं नाही, देणारा नाही. दर ओळीत 'मी' आहे : मी हा नियम पाळायला घेतो. प्रार्थना दुसऱ्यावर टाकते. शील स्वतःच्या अंगावर येतं. म्हणून ते जड जातं.

आणि ते सुत्त टिंगलीवर संपत नाही, हे विसरू नका. त्या दोघा पोरांना बुद्ध मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा शिकवतो. देवाचा शोध माणसाच्या वागण्यावर आणून ठेवतो.

तेव्हा हात जोडा, पण काय म्हणतोय ते कळून जोडा. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर एकेका शीलाचा अर्थ आपापल्या बोलीत सांगू या. सुरुवात आयाबायांपासून. त्यांना शिकवायच्या आधी विचारू या, घरात ही शीलं कोण पाळतं नि कोण मोडतं? उत्तर ऐकायची तयारी ठेवा.