निवड सुगंधाची

घरी लावण्यासाठी सुगंधी आमरी, म्हणजे ऑर्किड, निवडणे ही वरवर पाहता निव्वळ हौसेची बाब. तीत नीतीचा प्रश्न कोठून यावा? माझ्या बाबतीत तो आला, आणि सेवानिवृत्तीनंतरही त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

शासकीय सेवेत असताना खानापूर भागातील एका दौऱ्यात एका परिचिताने मला ‘सीतेची वेणी’ आणून दिली. मे-जूनच्या सुमारास तिचे पांढरे-गुलाबी, मंद सुवासाचे तुरे वेणीसारखे खाली लोंबतात. “साहेब, ते झाड रस्त्याकरिता तोडायचेच आहे,” असे तो म्हणाला. मी खात्री करून घेतली नाही. घेतली असती, तर कदाचित भेट परत करावी लागली असती! सहीपूर्वी प्रत्येक कागद पडताळणाऱ्या माणसाने हे एवढे प्रकरण न वाचता मंजूर केले. रोप बेळगावच्या आमच्या अंगणात आले; परंतु सालीला घट्ट धरून असलेली त्याची मुळे ओढून काढताना तुटली होती. दुसऱ्या पावसाळ्यात ते कुजून गेले.

पुष्कळ लोक या वनस्पतीला बांडगूळ समजतात. वस्तुतः ती झाडाचा केवळ आधार घेते, रस घेत नाही. तिच्या एका बोंडात असंख्य बिया असतात. पण त्यांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच त्या रानात रुजतात. म्हणजे उचललेल्या रोपाची जागा सहजासहजी भरून निघत नाही. आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे, आणि भारत १९७६ पासून त्यात सहभागी आहे. परंतु आपल्या फाटकापाशी कोणताही करार उभा नसतो. तेथे आपणच असतो. एखादी गोष्ट आवडणे आणि तिच्यावर आपला हक्क असणे यांतील अंतर तेथेच ओळखावे लागते.

मग हौस सोडून द्यावी काय? तसे मला वाटत नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी बुरशीवाचून, साखरयुक्त माध्यमात आमरीच्या बिया रुजतात हे १९२२ साली प्रसिद्ध केले. त्या वाटेने आज बाटलीत वाढविलेली रोपे रोपवाटिकांत मिळतात. रानाला धक्का न लावता निवड करता येते.

तेथे मात्र डोळ्यांवर विसंबू नये. दुकानात मिरविणाऱ्या फॅलेनॉप्सिसच्या बहुतेक जाती निर्गंध असतात. उलट मध्य अमेरिकेतील ब्रासाव्होला नोडोसा दिसावयास साधी. दुपारी हुंगली तर तिला वासच नाही असे वाटावे. तिचा परिमळ रात्री सुटतो, कारण तो पतंगांसाठी असतो. आपण केवळ वाटेवरचे लाभार्थी.

माझ्या ओसरीवर आता तीच आहे. आणि कोणी रानातले रोप देऊ केले, तर हात पुढे करण्यापूर्वी मी विचारतो, “कोठून आणलेत?” हा प्रश्न पूर्वीच विचारला असता, तर ती वेणी कदाचित आजही आपल्या झाडावर फुलत असती.