झिजला नाही, तरी जुना झाला

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, यहोशवा ९:३-१५



नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. घरधन्याने कोणाला ढकललेले नसते. तो कोणाचे वाईटही चिंतीत नसतो. तरी जे टाळणे त्याच्या हाती होते ते त्याने टाळले नाही, म्हणून देव त्याला जाब विचारतो. ही आज्ञा आज आपण आपल्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीला लावून पाहू या.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरी अशी मोटार आहे. मुले नोकरीनिमित्त दूर गेली, मागे वयस्क आईवडील राहिले. गाडी रविवारी उपासनेला जाते, एखाद्या लग्नाला जाते आणि बाकीचे दिवस कापडाखाली उभी असते. टायरांची नक्षी पाहावी तर नव्यासारखी. मग घरधनी म्हणतात, "टायर कशाला बदलायचे? झिजलेत कुठे?"

प्रश्न रास्त आहे. चार टायरांची किंमत काही लहान नव्हे, आणि पेन्शनीत घर चालविणाऱ्यास ती उधळपट्टी वाटावी हे साहजिक आहे. देवाने दिलेला पैसा जपून वापरणे हाही कारभारीपणाच होय. परंतु येथे आपण चुकीच्या खुणेकडे पाहत असतो. टायर किती धावला हे नक्षी सांगते. तो किती वर्षांचा झाला हे ती सांगत नाही.

रबर उभ्या उभ्या म्हातारे होते. हवेतील प्राणवायू व ओझोन, ऊन आणि उष्णता ही त्याला हळूहळू कडक व ठिसूळ करतात. टायरात दाबाने भरलेली हवाही आतल्या थरांत झिरपत राहते व त्यांना जुनाट करते. यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरामध्ये मेण व संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. पण टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तेव्हाच ती पृष्ठभागावर नीट येतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण पुरेसे लाभत नाही. म्हणून रोज धावणारा टायर झिजतो, आणि उभा राहिलेला टायर न झिजताच चिरतो.

गिबोनकरांची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. त्यांनी फाटके बुधले, ठिगळाची पायतणे व बुरसलेली भाकर आणून दाखविली, आणि इस्राएलाच्या वडिलांनी वरवर पाहून निर्णय केला. परमेश्वराला विचारले नाही. तेथे नवे ते जुने भासविले होते. आपल्या टायरांत जुने ते नवे भासते. फसगत एकच : डोळ्यांना दिसले ते पुरे मानले, आणि जेथे विचारायला हवे होते तेथे विचारले नाही.

या फसगतीची किंमत काय असते? सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडात एका संगीत महोत्सवाहून तरुणांना घेऊन परतणारी बस हिंडहेड गावाजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली. तिघे मृत्यू पावले. बसच्या पुढच्या चाकाचा जो टायर फुटला तो १९ वर्षांचा, खुद्द बसहूनही जुना होता. टायरच्या वयाविषयी तेव्हा तेथे कायदाच नव्हता. मृतांपैकी एका मुलाच्या आईने अनेक वर्षे सरकारचे दार ठोठावले, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून १० वर्षांहून जुना टायर बस व लॉरीच्या पुढच्या चाकांना लावण्यास तेथे बंदी झाली. खाजगी मोटारीला मात्र ती बंदी नाही. तेथे निर्णय मालकाच्या विवेकावर सोपविलेला आहे.

तर विवेकाने काय पाहावे? टायरच्या बाजूला डीओटी ही अक्षरे असतात व त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. हे आकडे कधीकधी चाकाच्या आतल्या अंगाला असतात, तेव्हा वाकून पाहावे लागते. तीनच आकडे असतील, तर तो टायर सन २००० पूर्वीचा आहे. त्याला क्षणभरही ठेवू नये.

टायरला फुगवटा आला, आतील धागे दिसू लागले किंवा नक्षी १.६ मिलीमीटरवर आली, तर वय न विचारता तो बदलावा. पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी जाणत्या माणसाकडून चाक काढून आतूनबाहेरून तपासून घ्यावे. मोटारी बनविणाऱ्या कित्येक कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला असे सांगतात. आपल्या गाडीचे पुस्तक काय म्हणते ते वाचावे. दहा वर्षे ही टायर बनविणाऱ्यांनी सांगितलेली शेवटची मर्यादा आहे, आणि ती स्टेपनीलाही लागू आहे. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथील उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीने त्या मर्यादेची वाट पाहू नये, असे माझे सांगणे आहे. खर्च एकदम झेपत नसेल तर आधी दोन, मग दोन बदलावे, आणि नवी जोडी मागच्या चाकांना लावावी. तेही झेपत नसेल, तर लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी करावी. त्यात कमीपणा नाही.

"पण गाडी दर रविवारी नीट जाते ना!" असे कोणी म्हणेल. होय, जाते, कारण गावात ती सावकाश चालते. जुना टायर बहुधा दगा देतो तो वेगात, भर उन्हात, भरल्या गाडीत, हवा कमी असताना. बेळगावचा मनुष्य मध्यरात्री आजारी माणसाला घेऊन महामार्गाने मिरजेच्या इस्पितळाकडे निघतो, त्या घटकेला टायरचे वय मोजता येत नाही. ते आधीच मोजलेले असावे लागते.

आणखी एक गोष्ट. काढलेल्या टायरांचे काय करता? पुष्कळदा ते थोड्या पैशांत विकले जातात व एखाद्या गरीब टेम्पोवाल्याच्या चाकाला लागतात. लंगडे व रोगी पशू वेदीवर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने खडसावले होते. आपल्या मुलाबाळांसाठी जो टायर आपण धोक्याचा ठरविला, तो दुसऱ्याच्या मुलाबाळांखाली घालणे हे त्याहून बरे कसे? त्याची बाजू कापून टाका, म्हणजे तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही.

बंधुभगिनींनो, वापरले नाही म्हणून काही टिकून राहते असे नाही. जमिनीत पुरून ठेवलेला रुपया धन्याला आवडला नाही, हे आपण जाणतो. या रविवारी उपासनेहून घरी आल्यावर स्टेपनीसकट पाचही टायरांचे आकडे वाचा व गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. महिन्यातून एकदा गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असता, हवा पाहा. पंधरा दिवसांनी तरी गाडी थोडी फिरवा, म्हणजे चाक एकाच ठिकाणी दबून राहणार नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेत त्याला आपल्या गाडीतून सुखरूप घरी पोचविणेही येते.

प्रभू आपल्या जाण्यायेण्याचे रक्षण करो, आणि जे आपल्या हाती आहे ते वेळीच करण्याची सद्बुद्धी आपणांस देवो. आमेन.