पतित देवदूत आणि आमच्या मुलांचीं पुस्तकें

तरुण मुलांसाठीं लिहिलेल्या अद्भुत कथांमध्यें पतित देवदूत आतां पुष्कळदां नायक होऊन बसला आहे. हें अगदींच नवें नव्हे. मिल्टन कवीनें १६६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पॅरडाइस लॉस्ट’ या महाकाव्यांतला सैतान इतका तेजस्वी आहे कीं, वाचकाचें मन क्षणभर त्याजकडे ओढलें जातें. त्याच काव्यापासून स्फूर्ति घेऊन फिलिप पुलमन या इंग्रज लेखकानें १९९५ ते २००० या काळांत ‘हिज डार्क मटीरियल्स’ ही तीन भागांची कथा प्रसिद्ध केली. तींत बंडखोर दूत शहाणे व दयाळू आहेत. आणि ज्याला लोक देव मानून भजतात, तो ‘सत्ताधीश’ मात्र जराजर्जर झालेला आहे व त्याच्या नांवानें जुलूम चालला आहे.

अशीं पुस्तकें मुलांच्या हातून काढून घ्यावीं काय? पुष्कळ आईबापांस तसें वाटेल. परंतु आधीं कथा नीट पाहावी. तींतला सत्ताधीश उत्पन्नकर्ता नाहींच. तो दूतांपैकीं पहिला. आपणच सर्वांना निर्मिलें, असें मागून आलेल्यांना त्यानें खोटें सांगितलें. म्हणजे निर्मिलेल्यानें निर्माणकर्त्याचें आसन बळकावणें, हेंच त्या कथेंतलेंहि मूळ पाप होय. ख्रिस्ती मंडळी ज्याला सैतानाचा गर्व म्हणत आली, तो याहून निराळा नाहीं. लेखक देवावर विश्वास ठेवीत नाहीं. तरी हें सत्य त्याच्या लेखणीलाहि टाळतां आलें नाहीं.

मग भय कोठें आहे? आपल्या घरीं सांगितला जाणारा देव असाच आहे, असें मुलाला वाटेल, येथें खरें भय आहे. जेथें प्रार्थना चुकली तर छडी, प्रश्न विचारला तर दरडावणी, तेथल्या मुलाला बंडखोर दूत आपला सोबती वाटला, तर दोष पुस्तकाचा किती व आमचा किती? प्रभु येशू तर आसनाला चिकटून बसला नाहीं. तो दास झाला, आणि त्यानें शिष्यांचे पाय धुतले. गर्वानें खालीं पडणें वेगळें व प्रीतीनें खालीं उतरणें वेगळें. हा भेद ज्या मुलानें आईबापांच्या वागण्यांत पाहिला आहे, त्याला कथा सहजासहजीं भुलविणार नाहीं.

तर आईबापहो, पुस्तक हिसकावूं नका. संध्याकाळीं मुलाजवळ बसून तें त्याच्याकडून वाचून घ्या, आणि या कथेंत खरा गर्विष्ठ कोण, असें त्याला विचारा. त्याचें उत्तर ऐकतांना आपलेंहि मन तपासून पाहा.