सीझर मागणारी बाई

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया प्रसूती रुग्णालय एकमेकांना लागून आहेत. दोन्ही 1926 सालची. गिरणीमालक वाडियांनी गिरणगावातल्या बायकांसाठी प्रसूती रुग्णालय उभारलं. त्यामागे दया होती आणि थोडा हिशेबही असणार, कारण बाई बाळंतपणात गेली की खात्यातला एक हात जातो. 1929 मध्ये मुंबई इलाख्याने बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा केला, देशातला पहिला. आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाळंतपण हा निव्वळ घरातला मामला नाही, ही गोष्ट या मुलखात तेव्हाच मान्य झाली. खर्च कोणी करायचा ते ठरलं. बाळंतपण कसं व्हावं यात बाईचा शब्द किती, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. आता ती स्वतःच विचारते आहे.

ती असते लालबागच्या चाळीतली, नाहीतर चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या मागच्या इमारतीतली. पहिलटकरीण, शिकलेली, कुठेतरी नोकरीला. खासगीतलं बिल झेपणारं नाही म्हणून नाव मोठ्या सरकारी रुग्णालयात घातलेलं. आठव्या महिन्यात ओपीडीची रांग संपवून ती आत जाते आणि म्हणते, "मॅडम, माझं सीझरच करा ना." समोरची निवासी डॉक्टर बहुधा आदल्या रात्रीपासून जागी असते. केसपेपर चाळत ती म्हणते, "का गं? डोकं खाली आहे, बीपी ठीक आहे. नॉर्मल होईल. चल, पुढची." इथे बोलणं संपतं. मला या अर्ध्या मिनिटाबद्दल लिहायचं आहे.

आधी डॉक्टरची बाजू, कारण ती पोकळ नाही. सीझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. पहिल्या वेळी निभावते, पण तिचा खरा हिशेब पुढच्या बाळंतपणांत निघतो: वार जुन्या व्रणात रुतून बसते, सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. ठरवून करायचं तर 39 आठवडे भरायला हवेत, नाहीतर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. मग खाटांचा प्रश्न. जून 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे. जेवणही आहे: साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सीझरला सात. म्हणजे एका सीझरच्या खाटेवर दोन साध्या बाळंतिणी होऊन जातात, आणि वॉर्डात खाट मोकळी असते असा दिवस क्वचितच उगवतो.

शिवाय शस्त्रक्रियेची यादी. ठरवलेलं सीझर त्या यादीवर असतं, बाई रात्रीपासून उपाशी असते, आणि सकाळी ठाण्याहून, पालघरहून, रायगडहून कोणीतरी येते; झटके आलेली किंवा बाळाचे ठोके उतरलेली. यादी ढकलली जाते. ढकलायलाच हवी. त्या क्षणी टेबल कोणाला द्यायचं याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही.

टेबल मिळालं तरी सगळं मिळालं असं नसतं. सीझरला भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागतं, नवजात बाळाचा डॉक्टर लागतो आणि वीज लागते. 2024 च्या उन्हाळ्यात भांडुपच्या पालिका प्रसूतिगृहात सीझर झालेली बाई आणि तिचं बाळ, दोघंही दगावली. वीज गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली, असा आरोप घरच्यांनी केला. पालिकेला चौकशी नेमावी लागली. सीझर म्हणजे सुटका, असं समजणाऱ्याने ही बातमी विसरू नये.

तरीही डॉक्टरची बाजू इथे संपते आणि बाईची सुरू होते, कारण तिच्या डोळ्यांसमोर दुसरं चित्र आहे. तिच्या मैत्रिणीचं, नणंदेचं, ऑफिसातल्या ताईचं खासगीत सीझर झालं. तारीख आधी कळली होती, काहींनी तर पंचांगातून काढली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, देशातल्या खासगी दवाखान्यांत झालेल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सीझरने झाली. सरकारीत 14.3 टक्के. एवढी दरी केवळ वैद्यकीय कारणांनी पडत नाही. खासगीत जाणाऱ्या बायकांची हाडं वेगळी नसतात. 2017 मध्ये मुंबईच्याच एका बाईने रुग्णालयांनी आपलं सीझरचं प्रमाण जाहीर करावं म्हणून ऑनलाइन अर्ज सुरू केला, तेव्हा लाखावर सह्या झाल्या. त्या सह्या करणाऱ्यांची तक्रार उलटी होती: न मागता सीझर झालं. एकाच शहरात एक बाई नको असताना कापली जाते आणि दुसरी हवं म्हणते तेव्हा तिला पुढे ढकललं जातं. दोघींना एकच गोष्ट मिळालेली नाही. कोणी त्यांच्याशी नीट बोललेलं नाही.

मला 'निवड' या गोष्टीबद्दल भाबडेपणा नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणं बाहेर आली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या बायकांच्या सह्या कागदावर होत्याच. पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नव्हता, मुकादमाची उचल डोक्यावर होती, आणि कर्करोगाची भीती घालणारा कोणीतरी समोर बसला होता. अशा सहीला संमती म्हणायचं तर म्हणा. तेव्हा बाई मागते आहे एवढ्यावर सुरी उचलावी, असं मी म्हणणार नाही. ती का मागते आहे, हे विचारा एवढंच म्हणते.

विचारलं तर काय निघतं? बहुतेक वेळा सीझर निघतच नाही. निघतात कळा. कळांची भीती आजीलाही होती, पण आजीला दुसरा मार्ग माहीत नव्हता. नातीला माहीत आहे. निघते लेबर रूम: एका रांगेत टेबलं, मध्ये पडदा असला तर असला, शेजारचीचं ओरडणं, आणि "तेव्हा बरं वाटलं, आता कशाला रडतेस" हे वाक्य, जे ऐकल्याचं किती बायका सांगतात ते आपल्या घरातल्या बायकांनाच विचारा. निघतं एकटेपण, कारण आई बाहेरच्या बाकड्यावर आणि नवरा गेटवर. आणि निघते तारीख. तिची आई कोकणातून येणार असते, भातकापणी मागे टाकून. नवऱ्याची रजा ठरलेली असते. तारीख मागणारी बाई ऐषारामी असते असं समजायचं कारण नाही, तिच्या घरात माणसं मोजकी असतात.

या यादीतल्या बऱ्याच गोष्टींवर सीझर हा उपाय नाही. एपिड्युरल, म्हणजे कळांवरची भूल, हा उपाय आहे, जो खासगीत पैसे मोजून मिळतो आणि सरकारीत भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियांतून मोकळा होत नाही म्हणून सहसा मिळत नाही. सोबत हा उपाय आहे. केंद्राने फेब्रुवारी 2016 मध्येच सरकारी रुग्णालयात बाळंतपणाच्या वेळी एका बाईला सोबत थांबू द्यावं, असं सांगितलं. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, असंही म्हटलं. म्हणजे आई चालते, जाऊ चालते, नवरा मात्र खोलीत आडोसा असेल तरच. पडदे नसलेल्या खोलीत तेही समजू शकतं. पण मग पडदे लावा! पडद्याला काही केंद्राचा निधी लागत नाही.

काही मागण्या मात्र खरोखर सीझरच्याच असतात. मागचं सीझर झालेली, पिशवीवर जुना टाका असलेली, या वेळी "ट्रायल देऊ", म्हणजे साध्या बाळंतपणाचा प्रयत्न करू, असं ऐकून धास्तावलेली. तिला पुन्हा सीझर करण्यात धोका आहे, न करण्यात वेगळा धोका आहे, आणि दोन धोक्यांमधला कोणता पत्करायचा हे सांगण्याचा हक्क जिचं पोट आहे तिचा. किंवा आधीचं बाळ पोटातच गेलेली. किंवा बाळंतपणाच्या नुसत्या विचाराने झोप उडालेली, जिला वेडी म्हणून हसण्याऐवजी मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवायला हवं, आणि तरी भीती गेली नाही तर तिचं ऐकायलाही हवं.

पसंती हे चोचले आहेत, ते सरकारी रुग्णालयात चालत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी बोरीबंदरजवळच्या कामा रुग्णालयाकडे एकदा बघावं. 1880 च्या दशकात मुंबईतल्या कितीतरी बायका पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायला तयार नव्हत्या. मरण पत्करत, पण जात नसत. त्या वेळच्या वैद्यकाच्या नजरेत हे अज्ञान होतं. सोराबजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी त्यांना शहाणं करण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी निधी जमवला, 1883 मध्ये विलायतेहून डॉ. एडिथ पीची यांना आणलं, पेस्तनजी कामांनी मोठी रक्कम दिली आणि 1886 मध्ये बायकांनी चालवलेलं, बायकांसाठीचं रुग्णालय सुरू झालं. बायकांच्या पसंतीवर एक अख्खं रुग्णालय या शहराने बांधलं आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की उपचार काय आहे, पर्याय कोणते, धोके कोणते, हे पुरेसं सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. ते प्रकरण न विचारता पिशवी काढल्याचं होतं. शस्त्रक्रिया मागण्याचा हक्क त्यातून निघत नाही, हे मान्य. पण पर्याय ऐकण्याचा हक्क निघतो. ब्रिटनमध्ये 2015 साली माँटगोमेरी खटल्यात वाद असाच होता, तोही सरकारी रुग्णालयातला. बुटकी, मधुमेही बाई, बाळ मोठं, खांदे अडकण्याचा धोका; डॉक्टरने तो सांगितला नाही. सांगितला तर सगळ्याच बायका सीझर मागतील, असं त्या डॉक्टरचं म्हणणं होतं. बाळाला जन्माच्या वेळी इजा झाली, कायमची. न्यायालयाने बाईच्या बाजूने निकाल दिला. "सांगितलं तर सगळ्याच मागतील" हे आपल्या ओपीडीतही मनातल्या मनात म्हटलं जातं. इंग्लंडच्या मार्गदर्शक तत्त्वांत 2011 पासून असं आहे की बोलणं झालं, भीतीवर मदत देऊ केली, आणि तरी बाई सीझरच म्हणते आहे, तर ते द्यावं.

तो नियम उद्या परळला लावा, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडची ओपीडी आणि केईएमची ओपीडी यांत फरक आहे, आणि वाडियासारखं रुग्णालय 2020 च्या जानेवारीत अनुदान अडल्यामुळे बंद पडायच्या बेताला आलं होतं, हे विसरून मोठ्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये सांगितलेलं सीझरचं दहा ते पंधरा टक्के हे प्रमाण आपल्याकडे अजून आकडा म्हणून मिरवतं. त्याच संघटनेने 2015 मध्ये म्हटलं की ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा गरजू बाईला सीझर मिळेल हे बघा. गरज कोणाची, हे ठरवताना फक्त सोनोग्राफी बघायची की बाईचं म्हणणंही, एवढाच माझा वाद आहे.

माझं मत असं आहे. टेबल कमी आहेत म्हणून सरकारी रुग्णालयाने मागणीवरच्या सीझरला नाही म्हणावं, ते रास्त आहे. पण ज्या रुग्णालयात कळांवर भूल नाही, सोबतीला आई नाही, मध्ये पडदा नाही आणि तोंडी आदर नाही, त्याला "नॉर्मलच कर" म्हणण्याचा अधिकार अर्धाच आहे. साधं बाळंतपण सोसण्याजोगं करा आणि मग सीझर नाकारा. बहुतेक जणी आपणहून मागणं सोडतील. उरतील त्यांना केईएम, सायन, नायर, कामासारख्या मोठ्या रुग्णालयांत वरिष्ठ डॉक्टरने भेटावं आणि हो किंवा नाही, जे असेल ते कारणासह लिहून द्यावं. मागचं सीझर झालेल्यांना तर तारीख मागताच मिळावी.

तोवर तुमच्या घरातल्या कोणाचं सरकारी रुग्णालयात नाव घातलेलं असेल आणि तिच्या मनात सीझर असेल, तर आठव्या महिन्याची वाट बघू नका. सातव्यातच सांगा, कारणासकट सांगा, भूल आणि सोबत यांची चौकशी करा, आणि मिळालेलं उत्तर केसपेपरवर लिहून मागा.