गार झालेले ताट कोणाचे?



नव्याने आई-वडील झालेली जोडपी स्नानसंस्काराची तारीख ठरवायला येतात, तेव्हा पेढे देतात, बाळाचे नाव सांगतात आणि बोलता बोलता एक वाक्य हमखास निघते, "फादर, आता कुठले आमचे बाहेर जाणे!" पगार झाला की सावेडीतल्या एखाद्या हॉटेलात जेवण, माळीवाड्याकडे काम निघाले की मिसळ, मनमाड रोडच्या ढाब्यावर शेवभाजी, असा ज्यांचा शिरस्ता होता त्यांचे सगळे बेत बाळाच्या झोपेपाशी येऊन थांबतात. आपण हसून म्हणतो, "होईल सवय." पण या साध्या गोष्टीत एक नैतिक प्रश्न आहे. मूल झाल्यावर आपला आनंद बाजूला ठेवणे हे कर्तव्यच आहे का? आणि असेल, तर तो बाजूला कोणी ठेवायचा?

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "घरात काय कमी आहे? हॉटेल ही नुसती चैन." त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत आपल्यापैकी अनेकांच्या आजा-पणजांना हॉटेलात बसून चहा मिळत नव्हता. त्यांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली. चहा पिऊन ती त्यांनीच विसळून ठेवायची. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या कलम १५ ने जात, धर्म किंवा लिंग पाहून उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यास मनाई केली आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अशा वागणुकीला शिक्षा देणारा कायदा आला. तरीही मनातली वेगळी कपबशी जायला पुढे बराच काळ लागला. म्हणून एखादा तरुण बाप लेकराला मांडीवर घेऊन हॉटेलातल्या मधल्या टेबलावर बसतो, तेव्हा ती केवळ चैन नसते. त्या जागेमागे कित्येकांनी सोसलेला अपमान आणि दिलेला लढा आहे.

स्त्रियांनाही ही जागा उशिराच मिळाली. जुन्या हॉटेलांतून 'फॅमिली रूम' असे. पडदा ओढायचा आणि आत बसून खायचे. आज पडदा गेला आहे. पण बाळ झाले की तीच स्त्री पुन्हा घराच्या पडद्याआड जाते, हे आपल्या लक्षात येत नाही.

माणसाने एकत्र जगणे म्हणजे काय, याचा विचार ॲरिस्टॉटलने केला आहे. गुरे एका कुरणात चरतात, तसे शेजारी शेजारी खाणे म्हणजे एकत्र जगणे नव्हे. बोलणे आणि विचार यांची देवाणघेवाण म्हणजे एकत्र जगणे, असे त्याचे म्हणणे होते. आता आपल्या घरातली पंगत आठवा. सगळे जेवतात आणि गृहिणी तव्यापाशी असते. एकेक गरम भाकरी ताटात पडते. तिची स्वतःची पाळी येते तेव्हा भाकरी गार आणि गप्पा संपलेल्या. हॉटेल ही तिच्यासाठी अशी जागा आहे, जिथे ती नवऱ्याबरोबर, त्याच वेळी, गरम घास खाते आणि तिला मध्येच उठावे लागत नाही. हॉटेलच्या जेवणाची खरी गोडी मला यात दिसते. शिपी आमटीचा झणझणीतपणा त्यानंतर.

विरंगुळ्याची गरज संत थॉमस अक्वायनस यांनीही मान्य केली. त्यांनी संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगितली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळत होते, हे काही जणांना रुचले नाही. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडायला लावले आणि विचारले, "सतत असेच करत राहशील का?" तो म्हणाला, "धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे. रात्री चार वेळा उठणाऱ्या आईचे मन म्हणजे ताणून धरलेले धनुष्यच.

आता खरा प्रश्न. जोडपे बाळाला घेऊन हॉटेलात जाते. जेवण येते आणि बाळ रडू लागते. उठते कोण? बहुतेक वेळा आई. ती हात धुण्याच्या बेसिनपाशी बाळाला थोपटत फिरते, तोवर नवऱ्याचे मटण-भाकरी होऊन बडीशेप आलेली असते. "ते तिच्याकडेच राहते," हे त्याचे उत्तर. इथे एक भेद नीट केला पाहिजे. निसर्गाने नेमून दिलेले काम वेगळे आणि सवयीने अंगावर टाकलेले काम वेगळे. अंगावरचे दूध फक्त आई पाजू शकते. थोपटणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, बाहेर फिरवून आणणे हे निसर्गाने कोणा एकाच्या नावावर लिहिलेले नाही. दोघांनी वाटून घेतलेला त्याग हे प्रेम आहे. नेहमी एकानेच केलेला आणि दुसऱ्याच्या ध्यानातही न आलेला त्याग हा अन्याय आहे, मग त्याला आपण कितीही गोड नाव देवो.

दूध पाजण्याचाही आपण उगाच संकोच करतो. जानेवारी २०१७ मध्ये सिस्टिन चॅपेलमध्ये बालकांना स्नानसंस्कार देताना पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले होते की, बाळ भुकेले असेल तर न घाबरता पाजा. जे चॅपेलमध्ये चालते ते ढाब्यावर का चालू नये?

अर्थात, शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही हक्क आहे. गर्दी होण्याआधी, सातच्या सुमारास जावे. मिसळीची तर्री आणि चहा बाळाच्या हाताला लागेल असा ठेवू नये. रडणे थांबेना तर पाळीपाळीने बाहेर न्यावे. सांडलेला भात शक्य तेवढा गोळा करावा, कारण टेबल पुसणारा मुलगाही कोणाचे तरी लेकरू आहे. पहिले काही महिने जमलेच नाही तर वाईट वाटून घेऊ नये. त्या दिवसांत बाळाची गरज मोठी. आणि खिसा हलका असेल तर भेळही पुरते, थंडीत शेतातला हुरडाही पुरतो.

बाकीच्यांनीही कपाळाला आठ्या घालू नयेत. सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत किती लेकरे रडतात! तिथे आपण त्रासिक नजरेने पाहत नाही, उलट थोडे सरकून जागा करून देतो. तेवढीच जागा हॉटेलातही करून द्यावी. मूल लोकांत बसायला लोकांतच शिकते. घरात कोंडून किंवा हातात मोबाइल देऊन नव्हे.

आजी-आजोबांना आणि आत्या-मावश्यांना एक विनंती. महिन्यातून एकदा दोन तास बाळ सांभाळा आणि त्या दोघांना बाहेर पाठवा. बारशाला दिलेल्या अंगड्या-टोपड्यापेक्षा ही भेट मोठी ठरेल.

आणि तरुण बापांनो, पुढच्या वेळी बाळ रडले की आधी तुम्ही उठा. तुमचे ताट गार होऊ द्या.

प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू